घरातल्या महागड्या ऑडिओ सिस्टीमचा विमा : नेमका कुठला घ्यावा?

आवर्तन (पुणे)

मंडळी, जाणकारांचे मत हवे आहे.

पगारातून थोडे थोडे बाजूला काढत घरी ऑडिओ सेट उभा केला आहे. इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर, टर्नटेबल (तबकड्या वाजवण्याचे यंत्र), फोनो स्टेज (टर्नटेबलचा क्षीण सिग्नल वाढवणारा), डीएसी (डिजिटल सिग्नल ॲनालॉग करणारा) आणि फ्लोअरस्टँडिंग स्पीकर्सची जोडी. आज हेच सगळे नवे घ्यायचे म्हटले तर साडेसात लाखांच्या आसपास जाईल. शिवाय वडिलांनी जमवलेल्या नाट्यसंगीताच्या आणि ख्यालगायकीच्या एलपी तबकड्या आहेत, त्यांची किंमत मला लावताच येत नाही.

एजंटला विचारले तर म्हणाला, "होम इन्शुरन्स घेऊन टाका, सगळं येतं त्यात." सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, "आपल्या बिल्डिंगचा विमा आहेच, वेगळा कशाला?" दोन्ही उत्तरांनी समाधान झाले नाही. आम्ही सिंहगड रस्त्याला राहतो. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्याचा विसर्ग वाढल्यावर एकतानगरीत तळमजल्यांची काय अवस्था झाली ते जवळून पाहिले आहे. मी वरच्या मजल्यावर असल्याने पुराची भीती कमी, पण चोरी, आग, विजेचे झटके, कामवाल्या मावशींचा धक्का लागून टर्नटेबल खाली येणे, हे तर कुणाच्याही घरी होऊ शकते.

यातले कशाचे पैसे मिळतात आणि कशाचे नाही?

सर्व्हेअर नाशिककर

आवर्तन, मी नुकसानीचे सर्व्हे करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सोसायटीचे. सोसायटीची पॉलिसी इमारतीसाठी असते : भिंती, स्लॅब, जिना, लिफ्ट, पंप. तुमच्या हॉलमधले सामान तिच्यात येत नाही. सेक्रेटरींना पॉलिसीची प्रत मागा, पहिल्याच पानावर कळेल.

आता घराचा विमा. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकाच मजकुराची पॉलिसी विकावी लागते. इमारतीचा विमा घेतला की तिच्या रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख, इतका सामानाचा विमा आपोआप मिळतो. त्याहून जास्त हवा असेल तर सामानाचा तपशील देऊन वाढवून घेता येतो. इमारत सोडून फक्त सामानाचा विमाही घेता येतो, भाड्याने राहणाऱ्यांना तो बरा. इलेक्ट्रॉनिक वस्तू 'सर्वसाधारण सामान' या गटात मोडतात, म्हणजे तुमचा सेट त्यात बसतो. भरपाई जुन्या वस्तूच्या घसरलेल्या किमतीने होत नाही, तशीच नवी वस्तू घ्यायला लागणाऱ्या खर्चाने होते. आणि अंडर-इन्शुरन्सची (विमा सामानाच्या किमतीपेक्षा कमी रकमेचा असला की भरपाईही त्याच प्रमाणात कापायची) कात्री या पॉलिसीत लावत नाहीत. इथवर सगळे चांगले.

पण ती मुळात आग आणि नैसर्गिक आपत्तींची पॉलिसी आहे. आग, स्फोट, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणे, हे तिच्यात आहे. चोरी आहे, पण ती अशा एखाद्या घटनेमुळे आणि घटनेपासून ७ दिवसांच्या आत झाली असेल तरच. म्हणजे पूर आला, घर सोडावे लागले आणि मागे कुणी ॲम्प उचलून नेला तर मिळेल. तुम्ही लग्नाला सांगलीला गेलात आणि कुलूप तोडून नेला, तर मिळणार नाही.

आणि ऑडिओवाल्यांसाठी सर्वांत महत्त्वाचे वगळणूक-कलम : विजेवर चालणाऱ्या यंत्राचे शॉर्टसर्किट, आर्किंग, जास्त दाब, स्वतःहून तापणे किंवा वीजगळती यामुळे झालेले नुकसान भरून मिळत नाही. ही वगळणूक फक्त त्याच यंत्रापुरती आहे. ॲम्पमध्ये शॉर्ट होऊन आग लागली आणि शेजारचे स्पीकर, रॅक, पडदे जळाले, तर बाकी सगळ्याचे पैसे मिळतील, ॲम्पचे नाही. अनेकांना हे दावा फेटाळल्यावर कळते. माझ्याकडे येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रकरणांत आगीपेक्षा विजेची गडबडच जास्त असते, म्हणून एजंटचे "सगळं येतं" हे वाक्य मला अजिबात पटत नाही.

मध्यमा

बाप रे, सात दिवसांच्या चोरीचे कलम माहीतच नव्हते. आमच्याकडे हीच पॉलिसी आहे आणि आम्ही निर्धास्त होतो. काका, वाचनखूण साठवली.

अर्थिंग (ठाणे)

नाशिककर काकांनी विजेचे काढलेच आहे तर इलेक्ट्रिशियन म्हणून माझे दोन शब्द.

आपल्याकडे ॲम्प, टीव्ही, फ्रिज एका रात्रीत जाण्याचे मोठे कारण म्हणजे न्यूट्रल (विजेची परतीची तार) तुटणे. इमारतीला तीन फेज येतात आणि प्रत्येक फ्लॅट एका फेजवर असतो. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, पण दोन फेजमध्ये ४०० च्या आसपास. मीटररूममधला न्यूट्रल सैल झाला किंवा जळाला की वेगवेगळ्या फेजवरचे फ्लॅट एकमेकांशी सिरीजमध्ये येतात. ज्याच्या घरी लोड कमी त्याच्याकडे व्होल्टेज चढते, साडेतीनशेपर्यंत आरामात. रात्री सगळे झोपलेले, घरात फक्त ॲम्प स्टँडबायवर. तोच जातो.

अशा ॲम्पचे झाकण उघडले की ओळखू येते. फिल्टर कॅपॅसिटरच्या सपाट टोप्या फुगून वर आलेल्या, सर्किट बोर्डवर तपकिरी ओघळ आणि ट्रान्सफॉर्मरच्या वार्निशचा जळका वास, जो खोलीत दोन दिवस राहतो. स्टॅबिलायझर असला तरी यात टिकेलच असे नाही, कारण साध्या स्टॅबिलायझरचा आवाका तेवढा नसतो. मेन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज कटऑफ बसवून घ्या, साधारण २७० च्या वर गेले की पुरवठा तोडणारा. सोबत सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस (एसपीडी) आणि नीट केलेले अर्थिंग. आकाशातल्या विजेच्या झटक्याला एसपीडी, न्यूट्रल तुटण्याला कटऑफ. दोन्हींची कामे वेगळी आहेत, एकाने दुसऱ्याचे भागत नाही. साडेसात लाखांच्या सेटपुढे हा खर्च काहीच नाही. आणि वीज कडाडायला लागली की प्लग ओढायचा, बटण बंद करून भागत नाही.

आवर्तन (पुणे)

अर्थिंगदादा, मनापासून आभार, या आठवड्यातच बोर्ड बघून घेतो.

नाशिककर काका, मग व्होल्टेजने यंत्र गेले, हातातून पडले, घरफोडी झाली, यासाठी घरगुती माणसाने काय घ्यायचे?

सर्व्हेअर नाशिककर

तीन वाटा आहेत.

पहिली, हाउसहोल्डर्स पॅकेज. यात आगीच्या विभागाबरोबर घरफोडी, घरगुती उपकरणांचा बिघाड, ऑल रिस्क (वगळलेले सोडून अपघाताने होणारे सगळे नुकसान) असे विभाग जोडता येतात. बिघाडाच्या विभागात यंत्राच्या वयाची अट असते आणि घसारा कापतात, दोन्हींचे आकडे कंपनीगणिक बदलतात. ते लेखी विचारा. घरफोडीच्या विभागात अंडर-इन्शुरन्स लागू शकतो हे विसरू नका. सामान ८ लाखांचे, विमा ४ लाखांचा आणि चोरी २ लाखांची झाली, तर हातात १ लाखच येईल.

दुसरी, इलेक्ट्रॉनिक इक्विपमेंट इन्शुरन्स. ही मुळात ऑफिस, दवाखाने, स्टुडिओ यांच्यासाठी, पण काही कंपन्या घरच्या महागड्या सेटलाही देतात. अचानक आणि अनपेक्षित भौतिक नुकसान हा तिचा पाया, त्यामुळे आपल्याला हवे असलेले बरेच तिच्यात येते. विम्याची रक्कम मात्र तशाच नव्या यंत्राची पूर्ण किंमत अशी लावायची, त्यात वाहतूक, कस्टम ड्यूटी, कर सगळे धरून. बाहेरून मागवलेल्या ॲम्पसाठी लोक परदेशातली किंमत लिहितात आणि दाव्याच्या वेळी अडकतात. दुरुस्तीचा खर्च सहसा पुरा मिळतो, यंत्र पूर्ण गेले तर घसारा वजा होतो. आणखी एक : या पॉलिसीच्या प्रचलित मजकुरात व्हॉल्व्ह, ट्यूब, बेल्ट, फ्यूज यांचे सुटे नुकसान वगळलेले असते. ट्यूब ॲम्प आणि बेल्ट-ड्राइव्ह टर्नटेबलवाल्यांनी ती ओळ शोधून वाचावी. कार्ट्रिजची, म्हणजे तबकडीवर टेकणारी, सुई झिजली तर कुठल्याच विम्यात पैसे नाहीत, ती झीज आहे.

तिसरी, नुसती ऑल रिस्क, वस्तूंची यादी देऊन. पडणे, फुटणे, चोरी हे यात येऊ शकते आणि मावशींच्या धक्क्याचे उत्तर इथेच आहे. पण यात 'पेअर अँड सेट' कलम बघा. स्पीकर जोडीने विकले जातात, कंपनी एकटा स्पीकर देत नाही, आणि मॉडेल बंद झाले असेल तर त्याच जातीचा दुसरा मिळतच नाही. कलम मात्र म्हणते की जोडीतला एक गेला तर त्या एकाच्या हिश्शाचे पैसे. ३ लाखांच्या जोडीतला एक कलंडून त्याचा कोन (आवाज देणारा आतला पडदा) फाटला तर तुमच्या हातात दीड लाख आणि एक बिनजोड स्पीकर. पॉलिसी घेण्याआधीच कंपनीला लिहा की जोडी ही एकच वस्तू धरावी. काही अंडररायटर (विमा कुठल्या अटींवर द्यायचा ते ठरवणारे कंपनीचे अधिकारी) तसे एन्डॉर्समेंट (पॉलिसीला जोडलेली लेखी दुरुस्ती) देतात, आणि मिळणारच असेल तर ते आधी मिळते, नुकसानीनंतर नाही.

पारिजात (डोंबिवली)

घरफोडीबद्दल अनुभव लिहिते. आमच्याकडे दिवाळीत गावी गेलो असताना ग्रिल कापून शिरले होते. टीव्ही सोडला, ॲम्प आणि डीएसी नेले, म्हणजे बघून ठेवलेले असणार. घरफोडीचा विमा होता म्हणून पैसे मिळाले, पण वेळ फार गेला.

वेळ का गेला ते सांगते, कुणाला तरी उपयोग होईल. एफआयआरमध्ये हवालदारांनी नुसते "म्युझिक सिस्टीम" लिहिले होते. सर्व्हेअर म्हणाले, कुठली? मॉडेल? सीरियल नंबर? सुदैवाने आमच्या ह्यांनी प्रत्येक यंत्राच्या मागच्या पट्टीचा फोटो काढून ईमेलवर ठेवला होता. त्यावरून पुरवणी जबाब दिला. नंतर कंपनीने पोलिसांचा अंतिम अहवाल मागितला. गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही, असे असेल तर पोलीस 'अ' समरी करतात आणि ती कोर्टातून मंजूर होऊन यावी लागते. त्याला महिने लागतात. पोलीस ठाण्यात दर पंधरवड्याला जाऊन चौकशी केली नाही तर कागद जागचा हलत नाही.

आणि हो, घरफोडी म्हणजे जबरदस्तीने आत शिरल्याची खूण हवी : तुटलेले कुलूप, कापलेले ग्रिल. घरातल्या किंवा कामाच्या माणसाने नेले तर सहसा मिळत नाही. घर सलग ३० दिवसांपेक्षा जास्त बंद राहणार असेल तर कंपनीला आधी कळवायची अटही अनेक पॉलिसींत असते. मुलांकडे परदेशी जाणाऱ्या आईवडिलांनी हे जरूर बघावे.

तबकडी (कोल्हापूर)

माझा प्रश्न बिलाचा. माझ्याकडचे जवळजवळ सगळे जुने आहे. गॅरार्ड ४०१, दुरुस्त करून घेतलेला मराँट्झचा रिसीव्हर, कॉस्मिकचा ॲम्प. दुसऱ्यांकडून वापरलेले घेतलेले, बिल कुठून आणू? आणि तबकड्या? २०१९ च्या पुरात आमच्या भागातल्या एका संग्राहकांच्या तबकड्या पाण्यात होत्या. व्हिनाइल धुवून वाचले, पण जॅकेटांचा लगदा झाला आणि लेबले सुटली. लेबल नसलेली तबकडी म्हणजे कोणाचे गाणे, कुठल्या सालचे, काहीच सांगता येत नाही. अशा गोष्टीचे पैसे कोण आणि किती देणार?

सर्व्हेअर नाशिककर

तबकडी, बिल नसणे हा अडथळा आहे, पण दरवाजा बंद होत नाही. आम्ही मालकी आणि किंमत या दोन गोष्टी तपासतो. मालकीसाठी बँकेतून किंवा यूपीआयने दिलेले पैसे, विकणाऱ्याबरोबरचा पत्रव्यवहार, दुरुस्ती करणाऱ्याची पावती (तिच्यावर मॉडेल आणि सीरियल लिहून घ्या) हे चालते. यापुढे जुने यंत्र घेताना विकणाऱ्याकडून साध्या कागदावर सहीची पावती घ्याच. रोखीत, ओळखीवर, विनाबिल घेतलेल्या परदेशी यंत्राचा दावा मांडणे फार कठीण जाते. दुकानदार बिल न घेतल्यास स्वस्त देतो म्हणतो तेव्हा हाही हिशेब करावा.

किंमतीसाठी, बंद झालेल्या यंत्राला 'तसेच नवे' नसते. म्हणून आधीच ठरवलेल्या किमतीवर विमा घेणे हा मार्ग. भारत गृह रक्षामध्ये 'मौल्यवान सामान' नावाचे ऐच्छिक कवच आहे, दागिने, चांदी, चित्रे, पुरातन आणि दुर्मीळ वस्तूंसाठी, आणि ते ठरीव किमतीवर चालते. एकूण ५ लाखांपर्यंत आणि एकेक वस्तू १ लाखापर्यंत असेल तर मूल्यांकनाचा दाखला मागत नाहीत, त्यापुढे लागतो. गॅरार्ड किंवा तबकड्यांचा संग्रह त्यात धरायचा की नाही हे अंडररायटर ठरवतो, म्हणून यादी जोडून लेखी विचारा. होकार आला तर यादी पॉलिसीला जोडलेली आहे ना, ते बघा.

तबकड्यांची यादी करताना कॅटलॉग क्रमांक लिहाच. तो जॅकेटवर आणि लेबलवर असतोच, शिवाय तबकडीच्या आतल्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक असतो. लेबल सुटले तरी तो राहतो, त्यावरून ओळख पटते. बुरशी, दमट हवेने वाकणे, वाळवी, उंदीर हे मात्र हळूहळू होणारे नुकसान, ते सगळीकडेच वगळलेले.

तबकडी (कोल्हापूर)

मॅट्रिक्स क्रमांकाचे सुचलेच नव्हते! पूरग्रस्त तबकड्या ज्यांच्याकडे अजून तशाच पडून आहेत त्यांना आजच कळवतो. ओळख पटली तर निदान पुन्हा नाव लिहून ठेवता येईल.

एडिसनकर

अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी थोडे. इथे अनेकांनी बेसमेंटमध्ये होम थिएटर केलेले असते. नेहमीच्या होमओनर्स पॉलिसीत पूर वगळलेला असतो. सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळाचे अवशेष न्यू जर्सीवर बरसले तेव्हा ज्यांनी संघराज्याच्या योजनेतला पूरविमा वेगळा घेतला होता त्यांनाही बेसमेंटमधल्या सामानाबाबत निराशा पदरी आली. त्या विम्यात सामानाची कमाल मर्यादा १,००,००० डॉलर आहे, पण बेसमेंटमधले वॉशर, ड्रायर, फ्रीझर अशा मोजक्याच गोष्टी येतात. रिसीव्हर, सबवूफर, प्रोजेक्टर येत नाहीत. शिवाय तो घेतल्यावर सहसा ३० दिवसांनी लागू होतो, वादळाची बातमी ऐकून घेऊन फायदा नाही.

बाकी धोक्यांसाठी महागडी यंत्रे 'शेड्यूल्ड पर्सनल प्रॉपर्टी' म्हणून यादीने नोंदवता येतात. भाड्याने राहणाऱ्यांनी रेंटर्स पॉलिसी 'ॲक्च्युअल कॅश व्हॅल्यू'ची (घसारा वजा जाता किंमत) आहे की 'रिप्लेसमेंट कॉस्ट'ची (नव्या वस्तूची किंमत) ते पाहावे. दहा वर्षे जुन्या ॲम्पला पहिल्या प्रकारात किरकोळ रक्कम मिळते.

मध्यमा

घर बदलताना काय? आम्ही मुंबईहून नागपूरला जातोय. सामान हलवणारे म्हणतात, बिलात इन्शुरन्स धरला आहे.

पारिजात (डोंबिवली)

मध्यमा, "धरला आहे" यावर थांबू नकोस. त्या ट्रिपच्या पॉलिसीचा नंबर किंवा सर्टिफिकेट माग, त्यावर तुझे नाव आणि सामानाची किंमत असायला हवी. टक्केवारीने पैसे घेतात आणि पॉलिसी काढतच नाहीत, असे आमच्या शेजाऱ्यांच्या बाबतीत झाले आहे.

सर्व्हेअर नाशिककर

पारिजातताईंशी सहमत. शिवाय इनलँड ट्रान्झिटचे (देशांतर्गत वाहतुकीच्या विम्याचे) 'अ' कलम, म्हणजे ऑल रिस्क, आहे का ते पाहा. खालच्या कलमांत मोजकेच अपघात येतात. आणि अपुरे पॅकिंग हे 'अ' मध्येही वगळलेले आहे, त्यामुळे मूळ खोकी आणि थर्माकोल टाकू नका. टर्नटेबलचा टोनआर्म (सुईचा दांडा) बांधा, काउंटरवेट (दांड्यामागचे वजन) आणि प्लॅटर (फिरती थाळी) काढून वेगळे गुंडाळा, ट्रान्झिट स्क्रू असतील तर ते घट्ट आवळा. बांधतानाचे फोटो काढा. पोचल्यावर खोके चेपलेले दिसले तर ताबा घेतानाच पावतीवर तसे लिहून मग सही करा.

आवर्तन (पुणे)

मंडळी, इथले मुद्दे घेऊन दोन कंपन्यांना ईमेल केले. एका कंपनीने फक्त माहितीपत्रक पाठवले. दुसरीने घराच्या पॉलिसीखेरीज यादीसह ऑल रिस्क आणि घरफोडी द्यायची तयारी दाखवली आहे, प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी वेगळा. व्होल्टेजचे नुकसान धरायला मेन बोर्डात संरक्षक यंत्रणा असल्याचा इलेक्ट्रिशियनचा दाखला मागितला आहे. स्पीकरच्या जोडीबद्दल अजून उत्तर नाही. आणि एक विचारायचे राहिले : उद्या दावा करायची वेळ आलीच आणि त्यांनी नाकारला तर?

अर्थिंग (ठाणे)

दाखल्यात कटऑफचे रेटिंग, बसवल्याची तारीख आणि अर्थचा ओहममधला रेझिस्टन्स लिहून घ्या. इलेक्ट्रिशियन परवानाधारक असू द्या. मोजमाप न घेता कागद देणारे भेटतात, तसला कागद घेऊ नका.

सर्व्हेअर नाशिककर

नुकसान झाले की लगेच लेखी कळवा आणि यंत्र आहे तसे ठेवा. जळालेला बोर्ड मेकॅनिकला टाकून देऊ देऊ नका, तोच पुरावा. मेकॅनिकच्या अहवालात "खराब झाले" एवढेच नको, कशाने झाले ते कारण हवे, कारण दावा कुठल्या कलमात बसतो ते त्यावरच ठरते.

नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपालांकडे, एका वर्षाच्या आत. पुण्यात कार्यालय आहे, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात, फी नाही, वकील लागत नाही. त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. लोकपालांपुढे तुमचे ईमेल कामी येतात, म्हणून कंपनीशी फोनवर झालेले बोलणे त्याच दिवशी ईमेलने लिहून पाठवत जा.

स्पीकरच्या जोडीचे उत्तर आल्याशिवाय पैसे भरू नका. आले की इथे शब्दशः टाका, वाचून सांगतो.